लुइझा अल्कॉट

अमेरिकेतील बोस्टन शहरात १८३४ साली एक आगळी शाळा सुरू झाली. त्या काळी शाळेत मुलांनी धडे घोकावेत, गुरुजींपुढे घडाघडा म्हणून दाखवावेत आणि चुकले तर छडी खावी, असा सर्वत्र परिपाठ होता. या नव्या शाळेत मात्र घोकंपट्टी नव्हती. ब्रॉन्सन अल्कॉट हे तेथील शिक्षक मुलांना प्रश्न विचारीत, मुलांच्या शंका शांतपणे ऐकून घेत आणि बोलता बोलता त्यांना विचार करावयास लावीत. तेथे शिक्षाही क्वचितच होई, आणि झालीच तर ती फार विलक्षण असे. ज्या मुलाने अपराध केला असेल त्याच्या हाती छडी देऊन ब्रॉन्सन स्वतःचा तळहात पुढे करीत. गुरुजींच्या हातावर छडी मारणे ही त्या मुलाची शिक्षा! दांडगट मुलेदेखील अशा वेळी रडू लागत. पाठीवर दहा फटके खाल्ले असते तरी त्यांना इतके लागले नसते.

शाळेत प्रारंभी तीसएक मुले होती. परंतु धर्मासारख्या गंभीर विषयावर लहान मुलांशी मोकळेपणाने बोलणे शहरातील लोकांना रुचले नाही. त्या संभाषणांचे पुस्तक निघताच गहजब उडाला. पालकांनी मुले काढून नेली आणि १८३७ साली शाळेतील पुस्तके व सामान लिलावात विकावे लागले. ब्रॉन्सन यांनी थोड्या मुलांना घेऊन पुन्हा वर्ग चालविला. त्यात त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. तिला काढून टाका, नाही तर आमची मुले येणार नाहीत, असे पालकांनी बजावले. ब्रॉन्सन यांनी त्या मुलीला काढले नाही. शाळाच बंद पडू दिली.

या तत्त्वनिष्ठ आणि निष्कांचन शिक्षकाची दुसरी मुलगी लुइझा पुढे किशोरवयीन वाचकांची लाडकी कादंबरीकार झाली. २९ नोव्हेंबर १८३२ रोजी फिलाडेल्फिया शहरानजीक जर्मनटाउन येथे तिचा जन्म झाला. योगायोग असा, की वडिलांचा जन्मदिवसही तोच होता. ॲना ही तिची थोरली बहीण. एलिझाबेथ आणि मे या दोघी धाकट्या. आई अबिगेल बोस्टनच्या सुप्रतिष्ठित घराण्यातील होती. मोठ्या मनाच्या पतीचा संसार रिकाम्या हातांनी कसा चालवावा, हे कोडे तिने जन्मभर सोडविले.

लुइझा लहानपणी भारी धडपडी होती. धावण्यात ती मुलांनाही हरवी, झाडावर चढे, कुंपणावरून उड्या मारी. एकदा भटकता भटकता ती बोस्टनच्या रस्त्यांत चुकली आणि दमून एका दारापाशी, एका मोठ्या कुत्र्याच्या अंगावर डोके टेकून झोपी गेली. रात्री घंटा वाजवीत दवंडी पिटणाऱ्या माणसाच्या आवाजाने तिला जाग आली. तो तिच्याच नावाची दवंडी पिटीत होता! दुसऱ्या एका वेळी ती उद्यानातील तळ्यात पडली, तेव्हा एका कृष्णवर्णीय मुलाने उडी घालून तिला वाचविले. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या वेळी कृष्णवर्णीयांना गुलाम म्हणून विकत असत. त्या मुलाचे उपकार लुइझा कधीच विसरली नाही, आणि गुलामगिरीविषयीचा तिचा तिटकारा त्या तळ्याच्या काठापासून सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

१८४० साली हे कुटुंब बोस्टनजवळच्या कॉन्कॉर्ड या खेड्यात राहावयास गेले. खेडे लहान, पण तेथील शेजारी थोर होते. विख्यात तत्त्वचिंतक राल्फ वाल्डो इमर्सन तेथेच राहत. त्यांनी आपल्या ग्रंथसंग्रहाचे दार लुइझासाठी उघडे ठेवले होते. अल्कॉटांची अडचण दिसली की कोणालाही कळू न देता ते पैशाची मदत करीत. निसर्गप्रेमी लेखक हेन्री थोरो मुलांना घेऊन रानात जात, नदीवर होडीतून फिरवीत, पक्ष्यांची आणि फुलांची ओळख करून देत. लुइझा शाळेत अशी थोडीच गेली. वडील, हे दोन शेजारी आणि कॉन्कॉर्डचे रान हेच तिचे गुरू, असे म्हटले पाहिजे.

लुइझा साडेदहा वर्षांची असताना एक चमत्कारिक प्रसंग ओढवला. ब्रॉन्सन आणि त्यांचे काही मित्र यांनी एका डोंगरउतारावर शेत घेतले आणि तेथे आदर्श वसाहत स्थापन केली. १८४३ च्या जून महिन्यातील ही गोष्ट. कोणत्याही प्राण्याला त्रास द्यावयाचा नाही, हा तेथील पहिला नियम. म्हणून मांस, दूध, लोणी, अंडी सर्व वर्ज्य. लोकर वापरावयाची नाही, कारण ती मेंढीची. कापूसही नको, कारण तो गुलामांच्या घामावर पिकलेला. तेव्हा सर्वांनी अळशीच्या धाग्याचे पातळ कपडे घालावयाचे. नांगराला बैल जुंपावयाचे नाहीत, असेही ठरले होते. पण कुदळीने जमीन खणून पाठी मोडू लागल्या तेव्हा हा नियम थोडा सैल करावा लागला.

विचार उदात्त होते यात शंका नाही. परंतु शेताला पाऊस, ऊन आणि वेळ ही तीनच कळतात. जवाचे पीक कापून पडले होते आणि वसाहतीतील पुरुष मंडळी आपले विचार लोकांना सांगण्यासाठी परगावी गेली होती. इतक्यात आकाश काळवंडले. मेघगर्जना होऊ लागली. लुइझाच्या आईने मुलींना हाका मारल्या, घरातील टोपल्या आणि चादरी गोळा केल्या, आणि त्या मायलेकींनी धावत जाऊन जमेल तेवढे जव भरून, ओढत, फरफटत कोठारात आणले. वर्षभराच्या अन्नातला काही भाग तरी त्यामुळे वाचला. थंडी पडू लागली तसे एकेक रहिवासी निघून गेले. १८४४ च्या जानेवारीत, बर्फाच्या दिवसांत, अल्कॉट कुटुंबानेही ते शेत सोडले. स्वप्न भंगल्याने ब्रॉन्सन अंथरुणाला खिळले, अन्नपाणी घेईनासे झाले. अकरा वर्षांच्या लुइझाने हे सारे पाहिले. मोठेपणी तिने या वसाहतीवर एक विनोदी कथा लिहिली. वाचताना हसू येते. पण तो काळ जगताना तिला हसू आले नसेल.

पुढे कॉन्कॉर्डला परतल्यावर तेराव्या वर्षी तिला प्रथमच स्वतःची खोली मिळाली. ती तेथे बसून लिही. चौघी बहिणी धान्याच्या कोठारात नाटके करीत. नाटक लुइझा रची, आणि दुष्ट सरदाराचे कामही बहुधा तीच करी. याच वयात तिने मनाशी निश्चय केला, की आईला विसावा द्यावयाचा, वडिलांचे कर्ज फेडावयाचे आणि बहिणींना सुखात ठेवावयाचे. हे कसे करावयाचे ते तिला ठाऊक नव्हते. मुलींना त्या काळी शिकवणे, शिवणे आणि दुसऱ्याच्या घरी राबणे यांखेरीज कामे नव्हती.

तिने ती तिन्ही केली. अठराव्या वर्षी ती डेडहॅम गावी एका घरात सोबतीण म्हणून राहिली. काम हलके असेल, असे सांगून तिला नेले होते. तेथील घरधन्याची अपेक्षा अशी, की तिने तासन्‌तास बसून त्याचे बोलणे ऐकावे. तिने ते नाकारले, तेव्हा तिला शिक्षा म्हणून लाकडे फोडणे, विहिरीचे पाणी ओढणे, बर्फ उपसणे अशी कामे लावण्यात आली. शेवटी बूट पुसण्याची पाळी आली तेव्हा मात्र तिने तेथून निघण्याचे ठरविले. सात आठवड्यांच्या श्रमाबद्दल तिच्या हाती चार डॉलर पडले. घरी येऊन तिने थंडीने फुटलेले हात दाखविले. घरात पैशाची निकड किती होती हे वेगळे सांगावयास नको. तरीही घरच्यांनी ते चार डॉलर परत पाठवून दिले!

वडिलांची प्राप्तीही अशीच होती. एका हिवाळ्यात ते पश्चिमेकडील गावांत व्याख्याने देण्यासाठी गेले आणि १८५४ च्या फेब्रुवारीत मध्यरात्री घरी परतले. सर्वजणी उठून बसल्या. त्यांना खाऊपिऊ घातले, शेकोटी पेटवली. पैशाचे कोणी विचारीना. अखेर धाकट्या मेने धीर करून विचारले, तेव्हा त्यांनी पाकीट उघडून दाखविले. त्यात एक डॉलर होता. त्यांचा कोट वाटेत चोरीस गेला होता, म्हणून शाल विकत घ्यावी लागली होती. अबिगेलने नवऱ्याला एका शब्दानेही दुखावले नाही. त्या रात्री खरे प्रेम कशाला म्हणतात ते लुइझाला उमगले, आणि पुढे जन्मभर ते तिच्या लेखनात उतरत राहिले.

त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे पहिले पुस्तक निघाले. इमर्सन यांच्या मुलीला सांगितलेल्या पऱ्यांच्या आणि फुलांच्या त्या गोष्टी होत्या. त्याचे तिला ३२ डॉलर मिळाले. तिने पहिली प्रत आईला नाताळच्या दिवशी दिली. यानंतर ती नियतकालिकांसाठी लिहू लागली. खून, सूड, गुप्त वारसे असल्या भडक कथांना भाव चांगला येई. त्या ती टोपणनावाने लिही, कारण कॉन्कॉर्डच्या सभ्य शेजाऱ्यांना त्या मानवल्या नसत्या. तिचे हे गुपित इतके पक्के राहिले, की ते अभ्यासकांना तिच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, १९४० नंतर, उलगडले.

दरम्यान घरावर मोठा आघात झाला. शेजारच्या एका गरीब कुटुंबातील मुले आजारी होती. डुकरांच्या खुराड्यावरच्या घाणेरड्या खोलीत ती राहत. अल्कॉट मायलेकी त्यांच्या मदतीस गेल्या आणि एलिझाबेथला स्कार्लेट ताप जडला. त्यातून ती कधीच पुरती सावरली नाही. १४ मार्च १८५८ रोजी ती वारली, तेव्हा ती २२ वर्षांची होती. अखेरच्या दिवसांत लुइझा रात्ररात्र तिच्या उशाशी बसून होती. हातातली सुई फार जड झाली आहे, असे वाटून एलिझाबेथने ती बाजूला ठेवली, तो क्षण लुइझाच्या मनात कायमचा कोरला गेला.

त्याच वर्षी कुटुंब कॉन्कॉर्डमधील ऑर्चर्ड हाउस या घरात राहावयास आले. घराभोवती सफरचंदांची बाग होती. ब्रॉन्सन यांना कॉन्कॉर्डच्या शाळांचे अधीक्षक नेमण्यात आले. पगार थोडा, पण काम मनाजोगे. ते पायी एकेका शाळेत जात आणि मुलांशी बोलत. वर्षाअखेर सर्व शाळांतील मुलांचा मेळावा भरे. १८६१ च्या मेळाव्यासाठी लुइझाने एक गीत रचले. त्यात जॉन ब्राउन यांचा उल्लेख होता. गुलामांच्या मुक्तीसाठी शस्त्र उचलल्याबद्दल त्यांना १८५९ साली फाशी झाली होती. असले नाव शाळेतील मुलांच्या तोंडी नको, असे गावातील काही वडीलधाऱ्यांचे मत पडले. इमर्सन यांना मात्र ते गाळणे पसंत पडले नाही. गीत गाइले तर जावेच, शिवाय ते वाचूनही दाखवावे, असा त्यांनी आग्रह धरला आणि ते स्वतः उभे राहून त्यांनी सर्वांना वाचून दाखविले. मुलांनी ते गाइले. लुइझा एका बाजूला उभी राहून ऐकत होती.

शिक्षिकेच्या कामात तिचे मन रमत नसे. तरी १८६२ च्या प्रारंभी तिने बोस्टनला एक बालवर्ग काढून पाहिला. बोस्टनमधील एका नामांकित प्रकाशकाने तिचे लेखन वाचून, तुला लिहिता येणार नाही, तू शिकविण्याचेच काम कर, असा सल्ला दिला होता आणि वर्गाचे सामान घेण्यासाठी ४० डॉलर उसनेही दिले होते. वर्ग चालला नाही. ते ४० डॉलर लुइझाच्या लक्षात राहिले. पुढे नावलौकिक झाल्यावर तिने ते परत पाठविले, आणि शिकविण्यापेक्षा लिहिणे अधिक किफायतशीर ठरले, असे सोबत कळविण्यास ती विसरली नाही.

या वेळी अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले होते. गुलामगिरी राहावी की जावी, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. लुइझाला युद्धावर जावेसे वाटे; परंतु स्त्रियांना ते शक्य नव्हते. तीस वर्षे पूर्ण होताच, १८६२ च्या डिसेंबरात, तिने परिचारिका म्हणून नाव नोंदविले आणि राजधानी वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन येथील एका रुग्णालयात ती दाखल झाली. ते रुग्णालय मुळात एक जुने हॉटेल होते. दमट, कोंदट आणि दुर्गंधीने भरलेले. ती रुजू होते न होते तोच फ्रेडरिक्सबर्गच्या रणांगणावरून जखमी सैनिकांच्या गाड्या येऊ लागल्या. चिखलाने आणि रक्ताने माखलेल्या माणसांना धुऊन काढण्याचे काम तिच्याकडे आले. तिने जखमा बांधल्या, मरणाऱ्यांचे हात धरून ठेवले, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची घरची पत्रे लिहिली.

सहा आठवड्यांत ती स्वतःच विषमज्वराने आणि फुप्फुसाच्या दाहाने आजारी पडली. वडील येऊन तिला घरी घेऊन गेले. कित्येक दिवस ती भ्रमात होती. तिचे लांबसडक केस कापावे लागले. औषध म्हणून तिला पाऱ्याची मात्रा देण्यात आली. त्या काळी डॉक्टर ती सर्रास देत. ती वाचली, परंतु तिच्या मते त्या औषधाने तिची प्रकृती कायमची खिळखिळी झाली. पूर्वीची धावणारी, उड्या मारणारी लुइझा पुन्हा कोणाला दिसली नाही. रुग्णालयातून तिने घरी पाठविलेल्या पत्रांचे पुस्तक १८६३ साली निघाले आणि वाचकांना प्रथमच तिचा खरा आवाज ऐकू आला. त्यात खोटे सरदार नव्हते, गुप्त खजिने नव्हते. होती ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे.

१८६८ साली थॉमस नाइल्स या प्रकाशकांनी तिला मुलींसाठी एक कादंबरी लिहावयास सुचविले. लुइझाला ही कल्पना मुळीच आवडली नाही. आपल्या बहिणींखेरीज आपण फारशा मुली पाहिल्याच नाहीत, असे तिला वाटे. पण वडिलांचेही एक पुस्तक त्या प्रकाशकांकडे जावयाचे होते, आणि घरात पैसा हवा होता. मे महिन्यात ती ऑर्चर्ड हाउसमधील आपल्या खोलीत लिहावयास बसली. दोन खिडक्यांच्या मध्ये वडिलांनी तिला भिंतीला जोडून एक अर्धवर्तुळाकृती मेज करून दिले होते. तेवढ्याशा फळीवर जुलैच्या मध्यापर्यंत चारशे पानांचे हस्तलिखित तयार झाले. प्रथमची काही प्रकरणे वाचून लेखिका आणि प्रकाशक या दोघांनाही ती नीरस वाटली होती! नाइल्स यांनी ती आपल्या घरातील एका लहान मुलीला वाचावयास दिली. ती वाचताना मुलगी हसली आणि रडली. तेव्हा प्रकाशकांनी निर्णय घेतला.

'लिट्ल विमेन' हे या कादंबरीचे नाव. यादवी युद्धाच्या काळातील मार्च कुटुंबातील मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या चार बहिणींची ती कथा आहे. मेग म्हणजे ॲना, ॲमी म्हणजे मे, आणि बेथ हे तर एलिझाबेथच्याच नावाचे लघुरूप. उंच, अघळपघळ, चटकन रागावणारी, माळ्यावर बसून गोष्टी लिहिणारी ज्यो ही लुइझा स्वतः. कादंबरीत वडील युद्धावर गेले आहेत आणि मुली घरी वाट पाहत आहेत. प्रत्यक्षात युद्धावर गेली होती ती मुलगी, आणि वाट पाहत बसले होते वडील. मुलींच्या पुस्तकांत तोवर सद्गुणी बाहुल्याच भेटत असत. येथे मात्र भांडणाऱ्या, मत्सर करणाऱ्या, चुकणाऱ्या आणि रात्री निजताना चूक कबूल करणाऱ्या मुली होत्या. रागाच्या भरात ॲमी ज्योचे हस्तलिखित चुलीत टाकते, हे वाचून कोणत्या मुलीला आपली बहीण आठवणार नाही?

सप्टेंबरच्या अखेरीस पुस्तक बाजारात आले. पहिल्या २,००० प्रती पाहता पाहता संपल्या. मुलींच्या पत्रांचा पाऊस पडू लागला. पुढे काय झाले? ज्योचे लग्न शेजारच्या लॉरीशी होते ना? सर्वांना तेच हवे होते. लुइझाला मात्र याचा राग आला. मुलीच्या आयुष्यात लग्नावाचून दुसरे काही नसते काय, असे तिला वाटे. ती स्वतः अविवाहित राहिली होती, आणि ज्योनेही तसेच राहावे अशी तिची इच्छा होती. वाचक ऐकेनात. तेव्हा १ नोव्हेंबरला तिने दुसरा भाग लिहावयास घेतला आणि दिवसाला एक प्रकरण अशा झपाट्याने नववर्षाच्या आत तो पुरा केला. ज्योचे लग्न तिने लावले खरे, पण लॉरीशी नव्हे. वयस्क, विस्कटलेल्या केसांचा, गरीब जर्मन प्राध्यापक तिने ज्योसाठी निवडला. कित्येक वाचकांनी हा अन्याय तिला कधीच क्षमा केला नाही!

मराठी वाचकांना ही कादंबरी शांता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळे परिचित आहे.

नाइल्स यांनी तिला एक चांगला सल्ला दिला होता. पुस्तकाचे हक्क एकरकमी विकून टाकू नको, विक्रीवर टक्केवारी घे, असे त्यांनी सांगितले. गरजवंत लेखिकेला हातात येणारी रक्कम सोडणे अवघड होते. पण तिने ऐकले. त्यामुळेच पहिल्या वर्षभरात तिने घरावरचे सारे कर्ज फेडले. तीस वर्षे जुनी देणी होती, तीही देऊन टाकली. तेराव्या वर्षीचा निश्चय छत्तिसाव्या वर्षी पुरा झाला. मेला चित्रकला शिकण्यासाठी युरोपला पाठविता आले. आईच्या खोलीत ऊबदार शेगडी आली, आणि म्हातारपणी तिला खिडकीशी स्वस्थ बसता येऊ लागले.

१८७० च्या अखेरीस लुइझा रोममध्ये असताना ॲनाचे पती वारल्याची बातमी आली. त्यांना दोन लहान मुलगे होते. त्यांच्या पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून तिने तेथेच लेखणी उचलली. 'लिट्ल मेन' ही ती कादंबरी. ज्यो आणि प्राध्यापक यांनी मुलांसाठी काढलेल्या शाळेची ही गोष्ट आहे. या शाळेत घोकंपट्टी नाही. प्रत्येक मुलाला बागेत स्वतःचा वाफा आहे. अनाथ, आडदांड, मंदबुद्धी, सर्वांना तेथे जागा आहे. आणि नॅट नावाचा मुलगा वरचेवर खोटे बोलतो, तेव्हा प्राध्यापक त्याच्या हाती छडी देऊन आपला तळहात पुढे करतात. ब्रॉन्सन अल्कॉटांची शाळा बोस्टनमध्ये लिलावात निघाली होती. मुलीने ती कादंबरीत पुन्हा उघडली, आणि या वेळी ती कोणालाही बंद पाडता आली नाही. पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्याच्या ५०,००० प्रतींची मागणी नोंदली गेली होती. १८७१ च्या जूनमध्ये लुइझा बोस्टनच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा तिला न्यावयास आलेल्या गाडीत वडील आणि नाइल्स बसले होते, आणि गाडीवर 'लिट्ल मेन'ची भली मोठी तांबडी जाहिरात झळकत होती.

कीर्तीचा तिला मात्र जाच होऊ लागला. अनोळखी माणसे ऑर्चर्ड हाउसच्या कुंपणावर बसून खिडकीकडे पाहत राहत. वार्ताहर दार ठोठावीत. कधी ती मागच्या दाराने पसार होई, तर कधी मोलकरणीचा आव आणून बाई घरी नाहीत असे सांगे. मुलींना मात्र तिने सहसा निराश केले नाही. १८७५ च्या फेब्रुवारीत ती वडिलांसमवेत न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर या मुलींच्या महाविद्यालयात गेली. तेथे ४०० विद्यार्थिनींनी तिला गराडा घातला. वह्यांचे आणि पुस्तकांचे ढीग पुढे आले. त्यांवर तिने सह्या केल्या आणि जी जी मागेल तिचा मुका घेतला. लहानपणी जिला शाळेचे तोंड क्वचितच दिसले, तिच्याभोवती उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलींची ती गर्दी होती.

या सह्या करणाऱ्या हाताला मात्र फार सोसावे लागले होते. एका कादंबरीच्या तीन प्रती एकाच वेळी उमटाव्यात म्हणून तिने लोखंडी टाकाने दाबून लिहिले, आणि त्यात तिच्या उजव्या हाताचा अंगठा निकामी झाला. तिने डाव्या हाताने लिहिण्याची सवय केली. एक हात दुखला की दुसरा, असे करीत तिने पुढची पुस्तके लिहिली.

१८७९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात एक नवा कायदा झाला. शाळा समितीच्या निवडणुकीपुरता स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. इतर कोणत्याही बाबतीत त्यांना मत नव्हते. कॉन्कॉर्डमध्ये सर्वांत प्रथम आपले नाव नोंदविणारी स्त्री लुइझा ही होती. नाव नोंदवून ती थांबली नाही. घरोघर जाऊन तिने शेजारणींना पटविण्याचा प्रयत्न केला. स्वयंपाक, पाहुणे, नवऱ्याची मर्जी अशी नाना कारणे त्यांनी सांगितली. अखेर २९ मार्च १८८० रोजीच्या गावसभेत २० स्त्रिया आल्या. आधी बायकांना मते टाकू द्यावीत, असे ब्रॉन्सन यांनी सुचविले. वीस जणींनी आपल्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि लगेच एका न्यायाधीश गृहस्थांनी मतदान संपविण्याची सूचना मांडली. ती मान्य झाली. त्या वर्षी कॉन्कॉर्डच्या शाळा समितीसाठी एकाही पुरुषाने मत दिले नाही! काही पुरुष रागावले, बरेच हसले. वीस स्त्रिया घरी जाऊन आपापल्या कामाला लागल्या.

आई १८७७ साली वारली होती. युरोपात मेची चित्रे नावाजली जाऊ लागली होती, तिचे लग्नही झाले होते. परंतु १८७९ च्या डिसेंबरात, मुलीच्या जन्मानंतर काही आठवड्यांतच, तीही गेली. तिच्या इच्छेप्रमाणे ती तान्ही मुलगी समुद्रापलीकडून लुइझाकडे पाठविण्यात आली. मुलीचे नावही लुइझाच होते. घरात तिला लुलू म्हणत. सत्तेचाळिसाव्या वर्षी लुइझा अशी आई झाली. लुलूला सांगितलेल्या गोष्टींचीही पुढे पुस्तके निघाली. १८८२ साली ब्रॉन्सन यांना पक्षाघात झाला आणि त्यांची शुश्रूषाही तिच्याकडे आली. तिची स्वतःची प्रकृती ढासळत होती. 'लिट्ल मेन'मधील मुले मोठी झाल्यावर काय करतात ते सांगणारी 'ज्योज बॉइज' ही कादंबरी तिने दिवसाकाठी थोडे थोडे लिहून १८८६ मध्ये पुरी केली.

१ मार्च १८८८ रोजी ती अंथरुणावर पडलेल्या वडिलांना भेटून आली. ४ मार्च रोजी ते वारले. तोवर लुइझा स्वतःच बेशुद्ध झाली होती. ही बातमी तिला कळलीच नाही. ६ मार्च रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, तिचा अंत झाला. दोघांनाही कॉन्कॉर्डच्या दफनभूमीत, आई आणि एलिझाबेथ यांच्याजवळ, विसावा मिळाला. थोरो आणि इमर्सन हे जुने शेजारी तेथेही जवळच आहेत. लुलूला युरोपात तिच्या वडिलांकडे पाठविण्यात आले.

ऑर्चर्ड हाउस १९१२ पासून सर्वांना पाहण्यासाठी खुले आहे. मेने भिंतींवर काढलेली चित्रे तेथे दिसतात. वरच्या मजल्यावर, दोन खिडक्यांच्या मध्ये, ते अर्धवर्तुळाकृती मेज आहे. जेमतेम एक वही आणि एक दौत मावेल, एवढेच ते रुंद आहे.